गडावरचें मूल व गडावरचा कुत्रा

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

पनवेलच्या कोणत्याहि उंच गच्चीवरून पूर्वेकडे पाहिलें असतां प्रबळगडाचें लांबट पठार, त्याला खेटून उभा असलेला कलावंतिणीचा सुळका आणि त्या दोहोंमधील खोल खांच स्पष्ट दिसते. रविवारीं पहाटे या डोंगराच्या वाटेला लागणाऱ्या मंडळींत अलीकडे एक नवें दृश्य मी पाहातों. तरुण जोडपें असतें. बापाच्या छातीशीं पट्ट्यांच्या पिशवींत सहा-आठ महिन्यांचें मूल असतें, आणि आईच्या हातांत कुत्र्याची सांखळी असते. आमच्या वयाचे गृहस्थ हें पाहून मान हलवितात. “गड म्हणजे काय बाळंतिणीची खोली आहे?” असा प्रश्न एका स्नेह्यांनीं परवां मला विचारला. मी इतिहास शिकविण्यांत जन्म घालविला असल्यामुळें उत्तर देणें माझ्याकडे आलें. तें चहाच्या पेल्याबरोबर देतां येण्याजोगें नव्हतें, म्हणून आज श्रोत्यांसमोर देत आहें.

प्रथम या प्रबळगडाचीच हकीकत घेऊं. याचें जुनें नांव मुरंजन. शहाजीराजांनीं इ. स. १६३३ मध्यें पेमगिरीवर एका अल्पवयी मुलास मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविलें आणि मोडकळीस आलेली ती दौलत तीन वर्षें सांवरून धरिली. परंतु १६३६ च्या मे महिन्यांत शहाजहान बादशहा व विजापूरचा आदिलशहा यांचा तह झाला, आणि दोन्ही फौजा एकट्या शहाजीराजांच्या पाठीस लागल्या. राजे घाट उतरून कोंकणांत आले. चौलच्या पोर्तुगीजांनीं आश्रय दिला नाहीं. तेव्हां ते मुरंजनावर व तेथून माहुलीवर गेले, आणि माहुलीस वेढा पडून ऑक्टोबरांत त्यांना शरण जावें लागलें. या धांवपळींत जिजाबाई व शिवाजीराजे त्यांच्या समागमें होते असें अभ्यासक सांगतात. शिवाजीराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे मुरंजनाची ही चढण चढलेला मुलगा सहा वर्षांचा होता. ज्याच्यासाठीं ही सारी झुंज चालली होती तो निजामशहाहि पोरच.

मी वर्गांत हा भाग कित्येक वर्षें शिकविला. फळ्यावर नकाशा काढावयाचा, मोगलांचा बाण उत्तरेकडून, विजापूरकरांचा दक्षिणेकडून, आणि शहाजीराजांचा पळता बाण मध्यें. त्या पळत्या बाणांत एक स्त्री व एक मूल आहे, त्यांना रोज जेवावें व निजावें लागत होतें, हें माझ्या ध्यानांत कधीं आलें नाहीं. तें एका दुसऱ्याच प्रसंगीं आलें.

माझी मुलगी आठ महिन्यांची असतां आम्ही उभयतां तिला घेऊन ठाकूरवाडीकडून प्रबळमाचीस गेलों होतों. मी पुढें, हातांत काठी आणि डोक्यांत शहाजीराजे. पत्नीच्या कडेवर मूल, व जुन्या लुगड्याची झोळी खांद्यावर. वाडींतला एक तांबडा कुत्रा कोणी न बोलावितां बरोबर निघाला. सह्याद्रींत हिंडणाऱ्यांना या कुत्र्यांची ओळख असतेच. त्यांना मालक एक असतो, पण सोबत ते सर्वांना देतात. मुलगी रडली कीं आम्ही थांबावें, आणि आम्ही थांबलों कीं त्यानेंहि चार पावलांवर बसकण मारावी. माचीवर पोंचेपर्यंत ऊन डोक्यावर आलें. वर गडमाथ्याला जाणें अशक्य झालें आणि मी मनांतून रुष्ट झालों. पत्नी झाडाखालीं मुलीला पाजीत बसली होती. ती सहज म्हणाली, “अहो, वर गडावर तान्हें मूल घेऊन ज्या बायका राहात होत्या, त्यांना दुपटीं धुवायला पाणी कुठलं हो?”

मला उत्तर आलें नाहीं. तोफा किती, बुरूज किती, हें मीं सांगितलें असतें. इतक्यांत माचीवरच्या दोन ठाकरी बाया डोक्यावर ओझें व पाठीशीं मूल बांधून आमच्यापुढून ती सारी वाट उतरून गेल्या. त्यांना आमच्याकडे पाहाण्यासहि सवड नव्हती. आम्ही ज्याला सहल म्हणत होतों ती त्यांची बाजारची खेप होती.

घरीं आल्यावर मीं आज्ञापत्र काढलें. रामचंद्रपंत अमात्यांचा हा ग्रंथ सुमारें १७१५ चा. राजनीतीचा ग्रंथ म्हणून आपण त्याचा गौरव करतों, पण त्यांतील दुर्गप्रकरण एखाद्या कर्त्या गृहिणीनें सांगून लिहविलें असावें असें वाटतें. अमात्य म्हणतात कीं, किल्ला बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें. पाणी नसेल तर खडक फोडून टांकीं खोदावीं. एकाच पाण्यावर भिस्त ठेवूं नये. गडावर केरकचरा पडूं देऊं नये, तो जागोजाग जाळावा, आणि त्याची राख परसांत टाकून घरोघर भाजीपाला करवावा. श्रोतेहो, “घरोघर” हा शब्द ध्यानांत घ्यावा. जेथें परस आहे व परसांत भाजी आहे, तेथें चूल आहे. आणि चूल आहे तेथें पोरें असणारच. मीं तें प्रकरण पूर्वीं चार वेळां वाचलें होतें आणि राखेचें वाक्य चारहि वेळां ओलांडून गेलों होतों.

मग मुरंजनाच्या पुढील इतिहासांतलीहि एक गोष्ट निराळी दिसूं लागली. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें जे तेवीस किल्ले मोगलांकडे गेले त्यांत हा एक. पुढें मराठ्यांनीं तो परत घेतला त्या वेळीं मोगलांचा किल्लेदार केसरसिंग लढतां लढतां पडला; आणि सांगतात कीं, नंतर गडाची झडती घेतां त्याची वृद्ध माता व दोन मुलें लपून बसलेलीं सांपडलीं, आणि महाराजांनीं त्यांना पालखी देऊन देऊळगांवास सन्मानानें पोंचतें केलें. ही गोष्ट औदार्याचें उदाहरण म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. मला आतां त्यांत शत्रूच्या किल्लेदाराची म्हातारी आई नातवंडांना पोटाशीं धरून अंधारांत बसलेली आधीं दिसते.

आमच्या जिल्ह्याला १९८१ पासून ज्याचें नांव आहे त्या रायगडावर तर मूल आणि कुत्रा या दोघांच्याहि कथा आहेत. हिरकणी गवळण सर्वांना ठाऊक आहे. कोजागिरीच्या सांजेस दरवाजे बंद झाले, घरीं तान्हें मूल, आणि ती अंधारांत कडा उतरून गेली. महाराजांनीं तेथें बुरूज बांधविला. समकालीन कागदांत या बाईचा उल्लेख नाहीं, हें मास्तर या नात्यानें मला सांगितलेंच पाहिजे. परंतु कथेच्या पोटांत जें आहे तें खोटें नाहीं: गडाचें दूध रोज खालून येत होतें, आणि तें आणणाऱ्या बायकांचीं मुलें खालीं रडत होतीं. डोक्यावर दुधाचें ओझें असतां पोर कोठें घ्यावयाचें? तिनें मूल बरोबर आणलें असतें तर ही कथा घडलीच नसती, एवढें मला मान हलविणाऱ्या स्नेह्यांस सुचवावेंसें वाटतें.

कुत्र्याची बाब अधिक नाजूक आहे. महाराजांच्या चितेंत उडी घेणाऱ्या वाघ्याचा पुरावा त्या काळच्या कागदांत मिळत नाहीं. समाधीसमोरचें त्याचें स्मारक १९३६ चें, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या साह्यानें उभारलेलें. २०१२ सालीं कांहीं कार्यकर्त्यांनीं तो पुतळा काढून टाकला, तो पुन्हा बसविण्यांत आला, आणि २०२५ मध्यें वाद पुनः पेटला. उंच चौथऱ्यावर बसविल्यानें कुत्रा इतिहासांत बसत नाहीं, हें खरें. आणि पुराव्याचा प्रश्न पहारीनें सुटत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. ज्यांना कागदांतलाच कुत्रा हवा असेल त्यांनीं साताऱ्याजवळ संगम माहुलीस जावें. तेथें शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याचें दगडी स्मारक आहे. शिकारींत वाघापासून त्यानें धन्याचा जीव वांचविला म्हणून शाहूंनीं त्याला पालखीचा मान दिला, आणि भर दरबारांत त्याला जरीचे कपडे व दागिने घातले, असें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. साहेबाला त्यांत वेडाचें लक्षण दिसलें. मला तसें दिसत नाहीं. दरबारांतील कित्येक पालख्या याहून कमी कामगिरीवर मिळाल्या असतील.

राहातां राहिला कर्नाळा. याचें शेवटचें मराठी पान फडके घराण्याचें आहे. १८१८ सालीं इंग्रजांनीं गड घेतला तेव्हां अनंतराव फडके किल्लेदार होते. आणि ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं पायथ्याजवळील शिरढोणास त्यांचा नातू जन्मला, तोच वासुदेव बळवंत. अंगणांतून आजोबांचा गेलेला गड रोज दिसत असतां तें मूल वाढलें. माझ्या स्नेह्यांनीं या एका बालपणाचा तरी विचार करावा.

आज कर्नाळ्यास जाणाऱ्यांनीं मात्र कुत्रा घरीं ठेवावा. १९६८ पासून हें पक्ष्यांचें अभयारण्य आहे आणि पाळीव कुत्र्यास तेथें मज्जाव आहे. तो योग्यच आहे, कारण जमिनीवर घरटें करणाऱ्या पांखराला सांखळीचा कुत्रा व मोकळा कुत्रा यांतला भेद कळत नाहीं. सुळक्यावर आग्या मोहोळें असतात, तेव्हां मूल बरोबर असेल त्यांनीं तेथें धूर व आरडाओरड यांपासून दूर राहावें. चढण सकाळीं लौकर करावी आणि दुपटीं चार अधिक घ्यावीं.

गेल्या हिवाळ्यांत माझी तीच मुलगी आपलें मूल पाठीवर घेऊन आमच्याबरोबर कर्नाळ्यावर आली. सुळक्याच्या पायथ्याशीं खडकांत खोदलेलीं टांकीं आहेत. पत्नी आतां फार चढूं शकत नाहीं, पण ती हळूहळू तेथवर आली, वांकून पाण्यांत पाहिलें आणि मजकडे वळून म्हणाली, “हें बघा, इथं धूत असतील.”