न हलणारा खांब

परसात दुर्बिणीसाठी चिऱ्यांचा खांब बांधायला घेतला तेव्हा गवंड्याने विचारले, "तुळस कुठली लावणार, कृष्ण की राम?" आपल्याकडे चौकोनी खांब म्हणजे वृंदावनच! दुर्बीण म्हटल्यावर तो हसला. खांबाला लागून सगळीकडे कोबा घाल, नेटके दिसेल, असे मीच त्याला सांगितले.

पहिल्याच रात्री चूक कळली. मी कोब्यावर पाय हलवला की दुर्बिणीत शनी थरथरे. चित्र शंभर पट मोठे झाले की कंपही तितकाच मोठा होतो. शेवटी खांबाभोवतीचा दोन बोटे कोबा फोडला, खांब जमिनीपासून सुटा केला आणि शनीची शांत झाली.

या खटाटोपात मला मद्रासच्या वेधशाळेचा खांब आठवला. विल्यम पेट्री या कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८६ साली मद्रासला खासगी वेधशाळा काढली होती. तीच पुढे कंपनीने चालवायला घेतली आणि १७९२ साली मायकेल टॉपिंगच्या आराखड्यानुसार नुंगमबाक्कमला तिची इमारत उभी राहिली. आत ग्रॅनाइटचा १८ फूट उंच, सुमारे १० टन वजनाचा खांब. एवढा अवजड खांब एका छोट्या दुर्बिणीसाठी! पण ती दुर्बीण फक्त दक्षिणोत्तर फिरे आणि तारा मध्यान्हरेषा कधी ओलांडतो ते टिपे. त्या वेळेवरून रेखांश ठरायचे. खांब किंचित कलला आणि वेळ एका सेकंदाने चुकली, तर मद्रासच्या अक्षांशावर जागा साधारण साडेचारशे मीटरने सरकते. विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासहून सुरू केलेल्या भूमापनाला हेच रेखांश आधाराला होते. हा लॅम्टन १८२३ साली आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला.

त्या खांबावर लॅटिन, तमिळ, तेलुगू अशा भाषांत लेख कोरला आहे. गणिती शास्त्रे ब्रिटिशांच्या औदार्याने आशियात प्रथम रुजली, हे हजार वर्षांनंतरच्या लोकांना कळावे, असा त्याचा आशय.

इथे मात्र मी अडखळतो. त्याआधी साठेक वर्षे सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, उज्जैन इथे चुन्यादगडाची यंत्रे उभारली होती. कारण तेच! पितळी यंत्रांचे आस झिजतात, केंद्र सरकते, म्हणून न हलणारा दगड. युरोपात काय चालले आहे ते पाहायला त्याने १७२७ च्या सुमारास मानुएल द फिगेरेदो या जेझुइट पाद्रीबरोबर मंडळी लिस्बनला धाडली, ती आपल्या गोव्याच्या वाटेने. त्यांनी आणलेली ला हीरची कोष्टके जयसिंगाने पडताळली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक दाखवली. ज्याला युरोपच्या चुका दिसत होत्या, त्याच्या देशात गणित 'प्रथम' कसे रुजणार?

१८९९ साली मद्रासचे खगोलकार्य कोडाईकनालला गेले. खांब आजही नुंगमबाक्कमला हवामान खात्याच्या आवारात आहे. टॉपिंगचे काम चोख होते यात शंका नाही. लेखातला दावा तेवढा पक्का नव्हता.

असो. गवंडी परवा म्हणाला, "खांबावर काहीतरी लिहा हो." मी नुसते साल घातले.