स्वमग्न मुले आणि त्यांचे आईबाप : एक इतिहास

वैद्यकाचा इतिहास बहुधा डॉक्टरांच्या नावांनी लिहिला जातो. स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, इतिहास मात्र मुलांच्या आईबापांना वगळून लिहिता येणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पालकांना त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले माणसांत असूनही एकटी असत. ऐकलेले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारीत आणि रोजच्या क्रमात जरा बदल झाला की कासावीस होत. या शोधाच्या पाठोपाठ एक अन्यायही आला. आईची माया थंड, म्हणून मूल असे झाले, असे काही विद्वान सांगू लागले. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने हा समज सर्वत्र पसरविला. जी माउली रात्रंदिवस खस्ता खात होती, तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले.

या समजाला आव्हान दिले ते एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते व त्यांचा मुलगा स्वमग्न होता. या अवस्थेचे मूळ आईच्या वागण्यात नसून मेंदूच्या घडणीत आहे, असे त्यांनी १९६४ सालीच ग्रंथ लिहून मांडले होते. पुढे १९७७ साली सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला व आनुवंशिकतेचा वाटा पुढे आला. दरम्यान लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी एकत्र येऊन आपली संस्था काढली आणि १९६५ साली स्वमग्न मुलांची शाळाही सुरू केली.

आपल्या देशातही हेच घडले. मुंबईत वकील या पारशी दांपत्याने १९४४ साली आपल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील संस्था होय. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली ‘कामायनी’ काढली. या शाळा त्या काळी ‘मतिमंद’ म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी होत्या. स्वमग्नतेसाठी दिल्लीत मेरी बरुआ या आईने १९९१ साली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ उभी केली.

सरकार मागाहून आले. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिची गणना केली. प्रमाणित दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही त्याच कायद्याने दिला.

आता आपल्या भागाकडे वळू. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन वसविले. पुढे तेथे अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. अंधत्व डोळ्यांना दिसते. स्वमग्नता चटकन दिसत नाही. म्हणून असे मूल ‘हट्टी’ ठरते आणि आई ‘लाडावणारी’. त्यात येथे घरात हिंदी-उर्दू, शाळेत मराठी, शेजारी गोंडी किंवा तेलुगू. मूल बोलत नसले की भाषांचा गोंधळ झाला असेल, म्हणून वर्षे दवडली जातात. वस्तुतः दोन-तीन भाषा कानी पडल्याने कोणतेही मूल स्वमग्न होत नाही. दर्ग्यावर दुआ जरूर मागावी. पण दुआ आणि तपासणी यांत वैर नाही.

अंतराची अडचण खरी आहे. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी भामरागड वा सिरोंचाहून जिल्ह्याच्या गावी यायला दीडशे किलोमीटरांहून अधिक प्रवास पडतो. एकट्या आईला तो वारंवार झेपत नाही. चौघांनी मिळून केला तर झेपतो. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढणे ही पहिली पायरी. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. हे कितीजणांना ठाऊक आहे?

पालक बंधुभगिनींनो, लंडन असो वा दिल्ली, आधार उभा राहिला तो मूल घरात लपविणे थांबल्यावर. आपल्या मोहल्ल्यातील अशा आईला शादीत, ईदेला मुलासह बोलवा; मूल ओरडले तर तिच्याकडे रोखून पाहू नका. विद्यार्थ्यांनो, वर्गातील अशा सोबत्याला चिडवू नका, त्याच्या शेजारी बसा. आणि आपल्या शाळेची एक खोली महिन्यातून एका रविवारी या पालकांसाठी उघडी ठेवता आली, तर त्यांना एकत्र बसण्यास हक्काची जागा मिळेल. याला मोठा निधी लागत नाही. किल्ली हाती असलेला एक माणूस लागतो.