रक्तविज्ञान व कर्करोगविज्ञान : छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाडा

रक्तपेशींचे विकार आणि पेशींची बेबंद वाढ यांचा अभ्यास करणाऱ्या दोन वैद्यकशाखा. रक्ताचे कर्करोग दोन्हींत मोडत असल्याने त्या जोडीने शिकवल्या जातात. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) या शिक्षणाचे जुने केंद्र म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९५६). त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला.

रक्ततपासणी. नवशिक्या डॉक्टराच्या हाती पहिल्यांदा येतो तो सीबीसीचा (संपूर्ण रक्तपेशी-गणनेचा) कागद. पण यंत्र पेशी मोजते, ओळखते मात्र बेताचीच. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून, लिशमन रंगद्रव्याने रंगवून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला पर्याय नाही. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की ‘पेशी कमी झाल्या’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. या पेशी म्हणजे प्लेटलेट (रक्तबिंबिका). बोलण्यात आणि अनेकदा वृत्तपत्रांतही त्यांना ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात, ते चूक आहे. प्लेटलेट दर मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख असतात, पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,०००. नळीतील ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्यांची संख्या खोटीच कमी दाखवते. अशा वेळी काचेच्या कडेला त्यांचे पुंजके दिसतात. ते न पाहता प्लेटलेटची पिशवी मागवणे हा टाळता येणारा खर्च आहे.

पांडुरोग. ‘अंगात रक्त नाही’ ही रुग्णाची भाषा. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रचलित निकषानुसार हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला पुरुषांत १३, स्त्रियांत १२ व गरोदरपणी ११ (दुसऱ्या तिमाहीत १०.५) ग्रॅमच्या खाली गेले की पांडुरोग समजतात. तांबडी पेशी लहान असेल (सरासरी घनफळ ८० फेम्टोलिटरपेक्षा कमी), तर प्रश्न बहुधा दोहोंतला : लोहाची कमतरता की बीटा थॅलेसेमियाचे वाहकत्व. सरासरी घनफळाला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतील संख्येने भागल्यावर उत्तर १३ च्या खाली आले, तर वाहकत्वाचा संशय घ्यावा. हा मेंट्झर निर्देशांक. तो कौल देतो, निकाल नाही. हिमोग्लोबिन-ए२ साडेतीन टक्क्यांहून अधिक असणे हा अधिक भरवशाचा पुरावा, मात्र लोह फार कमी असल्यास तोही झाकला जातो. सिकलसेल (आनुवंशिक पांडुरोग) : सातपुडा व पूर्व विदर्भात अधिक.

रक्तगट. मुंबईत डॉ. य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट केवळ पेशींची चाचणी केल्यास ‘ओ’ भासतो. रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींशी ताडून पाहिला, तरच तो उघडा पडतो. या व्यक्तीला ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास जीव जाऊ शकतो.

रक्ताचे कर्करोग. रक्तात किंवा अस्थिमज्जेत अपक्व पेशी (ब्लास्ट) २० टक्के किंवा अधिक असल्यास सर्वसाधारणपणे तीव्र ल्युकेमिया मानतात. पेशीत ऑवर दांड्या दिसल्या तर तो मायलॉइड वंशाचा. चिरकारी मायलॉइड ल्युकेमियाचा रुग्ण पुष्कळदा डाव्या बरगडीखालचा जडपणा, म्हणजे वाढलेली प्लीहा घेऊन येतो. त्यातील फिलाडेल्फिया गुणसूत्र १९६० मध्ये सापडले आणि त्यातून बनणाऱ्या प्रथिनावर नेमके काम करणारे इमॅटिनिब २००१ मध्ये बाजारात आले. या औषधाच्या एका रूपाला एकस्व नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ एप्रिल २०१३ चा. स्वस्त भारतीय गोळ्यांची वाट त्यामुळे मोकळी राहिली. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली असताना आलेला ताप ही आणीबाणी असते. तपासण्यांच्या निकालाची वाट न पाहता तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे.

टप्पा व प्रत. टप्पा म्हणजे रोग किती पसरला. प्रत म्हणजे पेशी मूळ रूपापासून किती दुरावली. टप्पा रुग्ण तपासून ठरतो, प्रत काचपट्टीवरून. तोंडाच्या कर्करोगात तंबाखूची गोळी गालात जिथे धरली जाते, तिथेच बहुधा व्रण आढळतो. सुपारी व गुटख्याने गाल ताठरतात आणि तोंडात दोन बोटेही जाईनाशी होतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे.

नोंदणी व तपासणी. इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत १९६३ मध्ये लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. औरंगाबादची नोंदणी १९७८ ची. ग्रामीण नोंदणी बार्शीला १९८७ पासून असून तिच्यात बार्शीबरोबर मराठवाड्यातील परांडा व भूम हे तालुके येतात. या तालुक्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी गावोगाव माहिती दिल्यावर स्त्रिया आधीच्या टप्प्यात येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच कर्करोगाच्या तपासणीचा उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातला प्रयोग याहून मोठा. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट आणि चार शाखा : एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) चाचणी, पॅप चाचणी, ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि नेहमीची व्यवस्था. एचपीव्ही चाचणी प्रत्येकीची एकदाच झाली. आठ वर्षांनी या कर्करोगाने एचपीव्ही गटात ३४ व नियंत्रण गटात ६४ मृत्यू मोजले गेले. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे होते. चाचणी नकारात्मक आलेल्यांपैकी एकीचाही मृत्यू या कर्करोगाने झाला नाही. इतर दोन पद्धतींनी मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. मात्र मुंबईतील नंतरच्या अभ्यासात आम्लाची पाहणी दर दोन वर्षांनी केल्यावर मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले, त्यामुळे त्या पद्धतीविषयी एकमत नाही. उस्मानाबादचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. नियंत्रण गटाला तपासणी न देण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. तो विषय या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

शस्त्रक्रिया. घन गाठींच्या कर्करोगांत मुख्य उपचार.

किरणोपचार. कोबाल्ट-६० किंवा रेखीय प्रवेगक. कोबाल्टचे अर्धायुष्य सुमारे ५.३ वर्षे, स्रोत जुना झाला की तेवढीच मात्रा द्यायला वेळ वाढतो.

वेदनाशमन. तीन पायऱ्यांची शिडी (जागतिक आरोग्य संघटना, १९८६). वरच्या पायरीवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन, घड्याळाच्या वेळेनुसार.