मथळ्याची मुद्राक्षरे, देवनागरी

वृत्तपत्रे, नियतकालिके व भित्तिपत्रके यांतील मथळ्यांसाठी वापरण्यात येणारी मोठी, ठळक आणि जाड-बारीक रेषांमधील अंतर तीव्र असलेली अक्षरे. रोमन लिपीत या घडणीचा उगम अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्मा येथील बोदोनी व पॅरिसचे दिदो घराणे यांच्या टंकांत आढळतो. पुढे लंडनच्या रॉबर्ट थॉर्नने उभ्या रेषा कमालीच्या जाड करून जाहिरातींसाठी त्यांचे अवजड रूप प्रचारात आणले.

देवनागरीस हा नमुना जसाच्या तसा मानवत नाही. बोरूच्या तिरप्या छाटामुळे नागरी अक्षरात जाडी रोमनच्या उलट दिशेने पडते. शिवाय आडव्या रेषा केसासारख्या बारीक कराव्यात, तर शब्द बांधून ठेवणारी शिरोरेषाच वृत्तपत्री कागदावर तुटते. ती जाड ठेवावी, तर जोडाक्षरांतील पोकळ्या शाईने बुजतात.

जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६४ मध्ये टंक ओतण्याचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या तेथील अक्षरांची ख्याती रास्तच आहे. परंतु ती मुख्यतः मजकुराच्या अक्षरांची. मथळ्यांच्या बाबतीत खरी अडचण पैशाची होती. काना-मात्रा व जोडाक्षरे धरून नागरीच्या एका संचास शेकडो खिळे लागत, प्रत्येक आकाराचा संच निराळा घ्यावा लागे आणि खिळे वजनावर विकले जात. मात्रा सुट्या जोडण्याच्या डिग्री पद्धतीने ही संख्या घटली. पण अक्षराबाहेर डोकावणारे मात्रांचे नाजूक भाग वापरात मोडत.

नांदेड व लातूर ही शहरे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. तेथे १८८४ पासून उर्दू राजभाषा होती व उर्दू मजकूर प्रायः शिळाछापावर निघे. त्यामुळे उर्दू कातिब हवा तेवढा मोठा मथळा लेखणीने लिहू शके, तर मराठी जुळाऱ्यास पेटीत असतील त्याच खिळ्यांवर भागवावे लागे. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिक निजाम सरकारच्या बंदीमुळे वेळोवेळी नावे बदलून निघाले. अशा पत्रास प्रत्येक नावाबरोबर शीर्षपट्टीही नवी लागणार, हे उघड आहे. लहान छापखान्यांत लग्नपत्रिका, हस्तपत्रके आणि साप्ताहिकाचा मथळा एकाच पेटीतून जुळविला जाई. लाकडी अक्षरे किंवा चित्रकाराकडून रेखाटून घेतलेल्या शब्दांचा जस्ताचा ठसा हाच काय तो पर्याय होता.

संगणकीय जुळणीने खिळ्यांच्या संख्येचे व वजनाचे बंधन संपविले. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा टंक (२०१४) या प्रकाराचा ठळक नमुना होय. त्यातील नागरी अक्षरे ज्योतिष सोनोवाल व टिम डोनाल्डसन यांची, रोमन अक्षरे शिवा नल्लपेरुमाळ यांची. मुक्त परवान्यामुळे जिल्ह्याच्या गावातील मुद्रकासही तो विनामूल्य वापरता येतो. मजकुरासाठी मात्र तो निरुपयोगी आहे. लहान आकारात त्याच्या बारीक रेषा दिसेनाशा होतात.