‘जे’ कोणाचे, ‘आम्ही’ कोण? : वनकायद्यातील अन्वयाचा प्रश्न

वाक्यातील विशेषणात्मक उपवाक्य नेमके कोणत्या पदाला लागते, हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजीच्या वर्गात व्याकरणाचा म्हणून शिकवला जातो आणि समीक्षेत अनेकार्थतेचा म्हणून गौरवला जातो. विल्यम एम्प्सन यांनी १९३० मध्ये अनेकार्थतेचे सात प्रकार सांगितले. पुढे विरचनावादी समीक्षकांनी अर्थाची अनिर्णायकता हा भाषेचा स्वभावच मानला. या साऱ्या चर्चेत गृहीत धरलेला वाचक मात्र असा असतो, की ज्याला निर्णय लांबणीवर टाकणे परवडते. चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) या वनप्रदेशातील वाचकाला ती सवड नव्हती. त्याच्या वाट्याला आलेली इंग्रजी संहिता म्हणजे वनकायदा.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वनोपज’ ही संज्ञा दोन याद्यांनी बांधली. दुसऱ्या यादीतील वस्तू वनात सापडल्या वा वनातून आणल्या, तरच वनोपज ठरतात. पहिल्या यादीच्या आरंभी मात्र ‘वनात सापडलेल्या असोत वा नसोत’ अशा अर्थाचे उपवाक्य आहे आणि ते यादीतील प्रत्येक नामाला लागते. मोहाची फुले आणि बिया या पहिल्या यादीत आहेत. म्हणजे स्वतःच्या बांधावरच्या मोहाखाली पहाटे वेचलेले फूलही व्याख्येपुरते वनोपजच. येथे संदिग्धता मुळीच नाही. एका उपवाक्याने वनाची हद्द घराच्या अंगणापर्यंत आणून ठेवली, एवढेच.

संदिग्धता आली ती २००६ च्या वनहक्क अधिनियमात, आणि तीही हक्क देण्याच्या जागी. वननिवासी अनुसूचित जमातींची व्याख्या करताना तेथे ‘हू प्रायमरिली रिझाइड इन अँड हू डिपेंड ऑन द फॉरेस्ट्स ऑर फॉरेस्ट लँड्स’ अशी रचना आहे. ‘इन’ हा शब्द आपले नाम जागच्या जागी न घेता पुढील उपवाक्याकडे उधार मागतो. शिवाय ‘हू’ दोनदा येतो. या एकाच समूहाला घातलेल्या दोन अटी समजायच्या, की राहणारे आणि अवलंबून असणारे असे दोन गट? मराठीत ही उधारी चालत नाही. आपला प्रत्यय नामालाच चिकटतो. त्यामुळे ‘वनात राहतात व वनावर अवलंबून असतात’ असे म्हणावे लागते आणि नाम दोनदा उच्चारताच ‘वनात’ ही अट स्वतंत्र, टणक होऊन बसते. अनुवादकाच्या मनात काही असो वा नसो, प्रत्ययाने निवाडा केलेला असतो. गडचिरोलीतील कितीतरी गावांचे गावठाण आणि शेती महसुली जमिनीवर आहे, जंगल शिवेपलीकडे. ‘वनात’चा अक्षरार्थ घेतला, तर ही माणसे वननिवासीच उरत नाहीत. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाला जून २००८ मध्ये स्पष्ट करावे लागले, की प्रत्यक्ष वनाच्या आत राहत नसले तरी उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असलेले लोकही या शब्दांत येतात.

बिगरआदिवासी, म्हणजे ‘इतर पारंपरिक वननिवासी’ यांच्या व्याख्येत गुंता आणखी वाढतो. तेथे पहिल्या ‘हू’ला एकवचनी ‘हॅज’ आहे, दुसऱ्या ‘हू’ला अनेकवचनी ‘डिपेंड’. १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या (कायद्याच्या हिशेबाने ७५ वर्षे) ही कालमर्यादा पहिल्या उपवाक्यात बसवली आहे. दुसरे उपवाक्य वर्तमानकाळात आहे. मग तीन पिढ्यांचा पुरावा केवळ वास्तव्याचा हवा, की अवलंबनाचाही? नदीवर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबाला हा प्रश्न शैलीचा वाटणार नाही.

आपल्या मीमांसकांनी अशा स्थळांचा कसून विचार केला आहे. एका वाक्यातील पद अपूर्ण राहिलेल्या शेजारच्या वाक्यात ओढून घेणे याला ते अनुषंग म्हणतात. ग्रहैकत्वन्यायात तर सोमयागातील पात्र पुसण्याच्या विधीमधील एकवचन विवक्षित नाही, सगळीच पात्रे पुसायची, असा निर्णय आहे. वचनावर अडून न बसता विधीचा हेतू पाहणारी ही दृष्टी ‘हॅज’ आणि ‘डिपेंड’च्या भांडणात अधिक उपयोगी पडावी, असे मला वाटते. विरचनेला भांडण उघड करता येते, मिटवणे हे ती आपले काम मानत नाही.

बांबूचे उदाहरण तर बोलके आहे. १९२७ च्या अधिनियमात ‘झाड’ या शब्दात बांबू समाविष्ट होता. २००६ च्या अधिनियमाने तो गौण वनोपजात घातला. दोन्हीकडे क्रियापद तेच : ‘इन्क्लूड्स’. बल्लारपूरच्या कागद गिरणीला याच जंगलांतून वर्षानुवर्षे बांबू गेला, पण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळूनही आपला बांबू विकता येईना. वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती पडला तो २७ एप्रिल २०११ रोजी, तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत. १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळला गेला २०१७ मध्ये.

याच मेंढ्याची घोषणा महाराष्ट्रभर ठाऊक आहे : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. मराठीत ‘आपण’ही उपलब्ध होते. ‘आपण’मध्ये समोर बसलेला अधिकारी सामावला असता, ‘आम्ही’ने तो गावापुरता बाहेर ठेवला, आणि ‘च’ने दारही ओढून घेतले. इंग्रजीत ही घोषणा नेली की दोन्हींसाठी ‘वी’ हे एकच सर्वनाम हाती येते.