टिरेटा बाजार, वाघाच्या वर्षी

५ फेब्रुवारी १९६२. कलकत्त्यात नुकतं उजाडतंय आणि तुम्ही लालबाजारजवळच्या टिरेटा बाजारात उभे आहात. आज चिनी नवं वर्ष लागतंय, वाघाचं. ढोल-झांजा कानठळ्या बसवताहेत, सिंहाचा मुखवटा दारोदार नाचतोय, पोरं खाऊच्या पैशांची लाल पाकिटं घट्ट धरून पळताहेत. छत्तावाला गल्लीतल्या सी इप देवळात शिरा. उदबत्त्यांच्या धुरानं डोळे चुरचुरतात. कँटनी लोकांचं हे देऊळ १९०५ सालचं. त्यांच्यातले बरेच जण सुतारकाम करणारे.

सण सरून दुकानं उघडली की बेंटिंक स्ट्रीटवर या. बुटांच्या धंद्यात इथे हक्का चिनी लोकांचा हात धरणारं कुणी नाही. कारागीर तुमचं पाऊल कागदावर ठेवायला लावतो, भोवती पेन्सिल फिरवतो, अंगठ्याशी फुगलेलं हाड चाचपून नेमकी तिथे खूण करतो. त्याच्यामागे लाकडी फर्म्यावर कातडं ताणलेलं. टांगऱ्याचे चामड्याचे कारखानेही याच्याच जातभाईंचे. “पुढल्या सोमवारी या,” तो सफाईदार हिंदीत सांगतो. जन्म इथलाच त्याचा.

आता नोव्हेंबरात या. हिमालयात भारत-चीन युद्ध पेटलंय. नव्या कायद्यानं आई-बाप, आजी-आजोबा यांच्यापैकी एक जण जरी कधीकाळी चीनचा नागरिक असला, तरी माणूस परका ठरतोय. आसाम, शिलाँग, दार्जिलिंगची कुटुंबंच्या कुटुंबं, तान्ह्या लेकरांसकट, आगगाडीत बसवून राजस्थानातल्या देवली छावणीत धाडली जाताहेत. एकूण सुमारे ३,००० माणसं. काहींची सुटका व्हायला पुढे पाच वर्षं लागली. कलकत्त्यात राहिलेल्यांना पोलिसांकडे हजेरी, शहराबाहेर जायला परवानगी. सैन्यानं सैन्याशी लढावं. बूट शिवणाऱ्याच्या आजोबाचं गाव विचारणं हा निव्वळ अन्याय होता, आणि तो आपल्या सरकारनं केला.

त्यानंतर बाजार रिकामा होत गेला. कितीजण टोरांटोला गेले. काही मुंबईला आले. चिकन मंचुरियन ज्यांच्या नावावर सांगतात ते नेल्सन वांग कलकत्त्याचेच.

आजच्या एखाद्या रविवारी या, पण पहाटेच. फिशबॉलचं सूप, डुकराच्या मांसाचे वाफाळते बाओ, सगळं नऊच्या आत संपतं. विकणाऱ्यांत चिनी चेहरे आता मोजकेच. देवलीतून परतलेले कॅनडात म्हातारे झालेत. भारत सरकारनं एकदा माफी मागावी, ही त्यांची मागणी आहे. ती अजून पुरी झालेली नाही.