भारतीय संघ, १९ वर्षांखालील विश्वचषकातील (१९८८–२०२४)

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची एकोणीस वर्षांखालील मुलांसाठीची ५० षटकांची स्पर्धा. २०२४ पर्यंतच्या १५ स्पर्धांत भारताने नऊ वेळा अंतिम सामना गाठला. त्यांपैकी पाच वेळा (२०००, २००८, २०१२, २०१८, २०२२) विजेतेपद आणि चार वेळा (२००६, २०१६, २०२०, २०२४) उपविजेतेपद मिळवले. या काळापर्यंत इतकी विजेतेपदे अन्य कोणत्याही देशाकडे नाहीत.

आरंभ : १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात. भारत सहावा. पुढची स्पर्धा थेट १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत. कर्णधार मुंबईचा अमित पागनीस. त्यानंतर दर दोन वर्षांनी.

२००० ते २०१० : मोहम्मद कैफच्या संघाने कोलंबोत यजमान श्रीलंकेला हरवून पहिला चषक जिंकला. युवराजसिंग स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००६ च्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला १०९ धावांत गुंडाळूनही भारत ७१ धावांत बाद झाला. त्या संघात रोहित शर्मा व चेतेश्वर पुजारा होते. २००८ मध्ये क्वालालंपूरला विराट कोहलीच्या नेतृत्वाखाली, पावसाने अडलेल्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर १२ धावांनी विजय. २०१० मध्ये उपांत्यपूर्व फेरीत पराभव.

मराठवाडा व लगतचे जिल्हे : २०१२ पासूनचा या संघाचा इतिहास जालना, तुळजापूर, बीड व सोलापूर या गावांची नावे वगळून लिहिता येत नाही, म्हणून येथे सविस्तर नोंद. हा टापू महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. मोठ्या शहरांतल्या अकादम्यांपासून दूर असलेल्या या पट्ट्यातून इतके खेळाडू वर आले, ही गोष्ट चषकांच्या संख्येइतकीच महत्त्वाची आहे.

जालना जिल्ह्याचा डावखुरा फलंदाज विजय झोल २०१२ च्या विजेत्या संघात होता (अंतिम सामना टाउन्सविल, कर्णधार उन्मुक्त चंद नाबाद १११). त्याआधी कूचबिहार करंडकात महाराष्ट्रातर्फे आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील स्पर्धेत तो भारताचा कर्णधार होता. साखळीतले तिन्ही सामने जिंकून संघ उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून तीन गड्यांनी हरला व पाचवा आला. निकालाकडे पाहून त्या कर्णधारपदाचे मोल कमी लेखले जाते, ते योग्य नव्हे. एका खेळाडूला एकदाच हा विश्वचषक खेळू देण्याचे धोरण नंतर आले, त्यामुळे झोलसारखी दोनदा खेळण्याची संधी आता मिळत नाही.

तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या वेस्ट इंडीजमधील विजेत्या संघाचा वेगवान गोलंदाज. त्याने सुरुवात फिरकीने केली होती. कोरोनामुळे कर्णधार यश धुलसह अनेक खेळाडू बाहेर असताना आयर्लंडविरुद्ध त्याने १७ चेंडूंत नाबाद ३९ धावा फटकावल्या, त्यांत पाच षटकार. अंतिम सामन्यात राज बावाने ३१ धावांत पाच बळी घेतले, इंग्लंडचा डाव १८९ वर संपला आणि भारत चार गड्यांनी जिंकला. पुण्याच्या विकी ओस्तवालने स्पर्धेत १२ बळी घेतले. प्रशिक्षक पुण्याचेच हृषीकेश कानिटकर. २०२४ मध्येही तेच.

बीडच्या सचिन धसची २०२४ मधील खेळी या भागात सर्वांत जास्त आठवली जाते. तेंडुलकरच्या नावावरून त्याचे नाव ठेवलेले, पाठीवर १० क्रमांक. नेपाळविरुद्ध त्याने ११६ धावा केल्या. त्यानंतर ६ फेब्रुवारीला बेनोनी येथे उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेने भारताला २४५ चे लक्ष्य दिले. डावाच्या पहिल्याच चेंडूवर क्वेना माफाकाने बळी घेतला आणि बघता बघता ४ बाद ३२ अशी अवस्था झाली. धस आला तो बचावाच्या पवित्र्यात नव्हे. कर्णधार उदय सहारन एकेरी-दुहेरी धावांवर एक बाजू लावून धरत होता आणि दुसऱ्या टोकाकडून धस चौकार वसूल करत होता. पाचव्या गड्यासाठी १७१ धावांची भागीदारी झाली. शतकाला चार धावा कमी असताना, ९५ चेंडूंत ९६ वर, माफाकानेच त्याला बाद केले. सहारन ८१ धावांवर धावबाद झाला तेव्हा धावसंख्या बरोबरीत होती. राज लिंबानीच्या चौकाराने भारत दोन गडी व सात चेंडू राखून जिंकला. ११ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने ७९ धावांनी हरवले. धस ९ वर बाद झाला. याच संघात सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी होता. त्याने अमेरिकेविरुद्ध १०८ धावा केल्या.

२०१६, २०१८, २०२० : अनुक्रमे उपविजेता, विजेता, उपविजेता. २०१८ चा कर्णधार मुंबईचा पृथ्वी शॉ, प्रशिक्षक राहुल द्रविड. २०२० मध्ये यशस्वी जैस्वाल (४०० धावा) सर्वोत्तम खेळाडू.

महिला : मुलींचा १९ वर्षांखालील विश्वचषक २०२३ पासून, २० षटकांचा असल्याने येथे घेतलेला नाही. २०२३ व २०२५ ची दोन्ही विजेतेपदे भारताकडे.